कंबरेची गोळी: कशासाठी, किती दिवस?

आईची औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. मागच्या पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले, तेव्हा आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, “त्या घेतात ती सगळी औषधं घेऊन या. सगळी म्हणजे सगळी.” मी डबा टेबलावर उपडा केला. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या बाजूला काढल्या, तरी नुसत्या कंबरेसाठीची सात औषधं उरली. एक हाडांच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी दिलेलं. एक मावशीला लागू पडलं म्हणून आणलेलं. दोन औषधांच्या दुकानात “कंबरेवर काहीतरी द्या” म्हटल्यावर मिळालेली. एक मलम, त्या गोळ्यांनी पित्त होतं म्हणून एक पित्ताची गोळी, आणि कागदाच्या काही पुड्या. दुकानातली पाकिटं कात्रीने कापून दिलेली होती, त्यामुळे घटकांची ओळ अर्धीच उरली होती.

डॉक्टरांनी ती पाकिटं एकेक करून उजेडात धरली आणि तीन बाजूला ठेवली. “आई, या तीन वेगळ्या गोळ्या नाहीत. एकाच घराण्यातल्या आहेत. तुम्ही एका दिवसात तिन्ही घेता?” आई म्हणाली, “सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. फारच दुखलं तर तिसरी.”

तिचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, १.६ आला. दोन वर्षांपूर्वी तो ०.९ होता. आईची कंबर नऊ वर्षं दुखते आहे आणि ते दुखणं खरं आहे. कणीक मळताना ती मध्येच ओट्याला टेकून उभी राहते, हे मी रोज पाहते. त्यामुळे गोळ्या बंद करून मोकळं होणं एवढाच प्रश्न नव्हता. कुठली गोळी, कशावर, किती दिवस, हे आम्हाला नव्याने ठरवायचं होतं. त्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारून आणि स्वतः वाचून जे उमगलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात डॉक्टरांनी गोळीपासून केलीच नाही. त्यांनी विचारलं, “कसं दुखतं?” आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत की निम्मं निदान त्यातच दडलेलं असतं. कंबर ठणकते, आखडते, भरून येते, वाकलं की दुखते आणि पडलं की बरं वाटतं, असं कोणी म्हणालं तर दुखणं बहुधा स्नायू, सांधे, मणक्यांमधल्या चकत्या, अस्थिबंध अशा ठिकाणांहून येत असतं. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत सणक जाते, पायात मुंग्या येतात, तळव्याची भगभग होते, असं वर्णन आलं तर संशय नसेवर जातो. आणि तिसरा एक प्रकार आहे. झोप नाही, अंग मोडून येतं, आज कंबर तर उद्या खांदा, कुठे बोट ठेवावं तेच कळत नाही. इथे दुखापत बारीक किंवा जुनी असते, पण मज्जारज्जू आणि मेंदूतली दुखणं जोखणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तिसऱ्या प्रकाराला २०१७ मध्ये स्वतंत्र नाव दिलं. एकाच माणसात तिन्ही थोडे थोडे असू शकतात. पण एका प्रकारावर चालणारी गोळी दुसऱ्यावर चालेलच असं नाही, हे इथेच लक्षात घ्यायला हवं. मावशीची गोळी आईला लागू पडेल, हा हिशेब या पायरीवरच चुकतो.

दुसरा प्रश्न, किती दिवसांपासून? उसण भरली, चमक बसली, तर बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपणहून सुटते. बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की तिला जुनाट म्हणतात. जुनाट कंबरदुखीत बहुसंख्य लोकांना एखादा मोडलेला, सडलेला किंवा दबलेला भाग बोट ठेवून दाखवता येत नाही. “मणक्यात गॅप आलाय” हे वाक्य आपल्याकडे घराघरात आहे, आणि एमआरआयच्या अहवालात चकती झिजल्याचं, फुगल्याचं आलं की माणूस निम्मा तिथेच खचतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. केसांना पांढरेपणा यावा तशी चकतीला झीज येते. अहवालातला शब्द म्हणजे दुखण्याचं कारणच, असं धरून गोळ्यांचा डोस वाढवत नेऊ नये.

मात्र काही खुणा अशा आहेत की तिथे कुठलीही वेदनाशामक गोळी घेत बसणं धोक्याचं आहे. लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही मांड्यांच्या मधला बसायचा भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं, यापैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, म्हातारपणी साधं पडल्यावर अचानक सुरू झालेली कळ, याही खुणा तशाच. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून बराच आढळतो. गोळीने ताप आणि दुखणं दोन्ही दबतं आणि महिने हातचे जातात. आणि विशी-तिशीतल्या कोणाची कंबर सकाळी तास-अर्धा तास आखडलेली असेल, आरामाने वाढत आणि चालण्याने सुटत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. मणक्याच्या त्या दाहक संधिवातात वेदनाशामक गोळ्या खरोखर चांगलं काम करतात. पुढे मी जे सांगणार आहे ते त्या आजाराला लागू नाही.

आता डॉक्टरांनी बाजूला काढलेल्या त्या तीन गोळ्या. ॲसिक्लोफेनॅक दोन पाकिटांत आणि एटोरिकॉक्सिब एका पाकिटात. याच घराण्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन येतात. दुकानात ती व्होव्हेरान, झेरोडॉल, कॉम्बिफ्लॅम अशा नावांनी ओळखली जातात. नाव वेगळं, रंग वेगळा, पण काम एकच.

शरीरात कुठे इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतात. त्याने सूज येते आणि नसांची टोकं इतकी हळवी होतात की एरवी न जाणवणारी हालचालही दुखते. हे रसायन बनवणारं एक विकर आहे, कॉक्स नावाचं. ही औषधं ते विकर अडवतात. ॲस्पिरिन नेमकं असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवण्यासाठी नसतं. जठराच्या आतलं बुळबुळीत अस्तर त्याच्यामुळे टिकतं. मूत्रपिंडात रक्त पुरेसं पोचतं ते त्याच्यामुळे. गोळी पोटात गेली की ती कंबर कुठे आहे हे शोधत जात नाही. रक्त जिथे जिथे पोचतं तिथे तिथे ती प्रोस्टाग्लँडिन कमी करते. म्हणून जठराला व्रण पडतात. गंमत नाही, हे व्रण कित्येकदा दुखतही नाहीत, कारण दुखणं दाबणारी गोळी पोटात आहेच. थेट डांबरासारखी काळी शी झाल्यावर रक्तस्राव कळतो. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी जठराचं बऱ्यापैकी रक्षण करते आणि वयस्कर माणसाला हे औषध द्यायचंच असेल तर ती सोबत द्यावी लागते. पण आईची समजूत अशी होती की पित्ताची गोळी घेतली की बाकी सगळं माफ. मूत्रपिंडाचं आणि हृदयाचं रक्षण त्या गोळीने होत नाही.

जठर वाचावं म्हणून कॉक्सचा कॉक्स-२ हा प्रकारच निवडून अडवणारी औषधं निघाली. त्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसलं. एटोरिकॉक्सिब त्याच शाखेतलं; त्याने रक्तदाब चढू शकतो. डायक्लोफेनॅकमुळेही हृदयाचा धोका वाढतो. नेप्रोक्सेन या बाबतीत त्यातल्या त्यात सौम्य मानलं जातं, पण जठराला ते त्रास देतं. म्हणजे हृदयविकार झालेला माणूस आणि अल्सर झालेला माणूस, यांच्यासाठी एकाच घराण्यातली निवडसुद्धा वेगळी. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्याने तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊच नये. ते ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं.

मूत्रपिंडाचं मात्र मी जरा सविस्तर सांगते, कारण ते आमच्या घरात घडलं. मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका वाटेने आत येतं आणि दुसऱ्या वाटेने बाहेर जातं. आतली वाट रुंद ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. आईची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची. टेल्मिसार्टन बाहेरची वाट सैल करतं, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. एरवी ते मधुमेही मूत्रपिंडाच्या भल्याचंच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं. आता यात वेदनाशामक गोळी आली की आतली वाट अरुंद होते. पाण्याचा साठा आटलेला, पाट येताना चिंबलेला आणि जाताना मोकळा, तर वाफ्यात पाणी कसं उभं राहील? या तीन औषधांची गाठ जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना चांगली माहीत आहे. दुकानाच्या काउंटरवर मात्र “बीपीची कुठली गोळी चालू आहे?” हे आईला कोणीच विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी कंबर वेगळी आणि बीपी वेगळं.

हीच गोष्ट घामाने आणि तहानेने घडते. उन्हात दिवसभर ऊस तोडणारी, मोळ्या वाहणारी बाई कंबर दुखते म्हणून सकाळी आणि संध्याकाळी एकेक गोळी घेते आणि पाणी मात्र जेमतेम पिते. तिच्या शरीरातलं पाणी आधीच उतरलेलं असतं. लघवी वाढवणाऱ्या औषधाची जागा तिथे ऊन घेतं. काम थांबवणं परवडत नाही म्हणून ती गोळी घेते, हे मला कळतं. म्हणून तर पाणी, सावली आणि विसावा हे तिच्या औषधयोजनेतच मोजायला हवेत.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? जुनाट कंबरदुखीवर या घराण्याच्या औषधांचे प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. दुखणं शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजलं तर खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने सरासरी सुमारे ७ गुण जास्त आराम पडला. मी ते वाचून बराच वेळ थांबले. शंभरातले सात. अर्थात ही सरासरी आहे. कोणाला वीस गुणांचा आराम पडतो, कोणाला काहीच नाही. तरीसुद्धा ब्रिटनच्या २०१६ च्या आणि अमेरिकेतल्या वैद्यांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, औषध द्यायचंच झालं तर पहिलं नाव याच घराण्याचं आहे, कारण बाकीच्यांचं पारडं आणखी हलकं आहे. अट दोन्हीकडे सारखीच: कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. आईच्या बाबतीत क्रिएटिनिन, मधुमेह आणि ती बीपीची गोळी मिळून हे दार बंद झालं. तिशीतल्या, धडधाकट, मूत्रपिंड आणि जठर चांगलं असलेल्या माणसाला मात्र वाईट दिवसांत पाच-सात दिवस नेप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेन जेवणानंतर घेणं यात डॉक्टरांना गैर वाटलं नाही.

पॅरासिटामॉल सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून सगळ्यांत आधी सुचवलं जाई. सिडनी परिसरातल्या १६५२ लोकांवर प्रयोग झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. म्हणजे एकट्या पॅरासिटामॉलकडून फार आशा करू नये. पण ते जठराला आणि मूत्रपिंडाला इतरांइतकं बाधत नाही, म्हणून ज्यांची बाकी दारं बंद आहेत त्यांना अधूनमधून ते देऊन पाहतात. चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा धडधाकट प्रौढासाठी आहे. किरकोळ अंगाच्या वृद्धाला, दारू पिणाऱ्याला, यकृताचा आजार असणाऱ्याला ती बरीच खाली आणावी लागते. आणि इथे आपल्याकडच्या मिश्र गोळ्यांचा घोळ येतो. आईच्या त्या दोन पाकिटांत प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. वर ताप आला की ती वेगळी पॅरासिटामॉल घेई. कोणी हिशेबच केला नव्हता.

मिश्र गोळीचा मुख्य दोष मला वेगळाच वाटतो. एका गोळीत ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारं थायोकोल्चिकोसाइड असेल, तर बरं वाटल्यावर कशाने वाटलं ते कळत नाही आणि मळमळलं तर कशाने तेही कळत नाही. थायोकोल्चिकोसाइडवर युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये बंधन घातलं: तोंडाने घ्यायचं तर फार तर सात दिवस, आणि जुनाट दुखण्यासाठी नाहीच, कारण शरीरात त्याचं जे रूपांतर होतं त्याने पेशीतल्या गुणसूत्रांची वाटणी बिघडू शकते. आईच्या डब्यात ते वर्षभर होतं. आपल्या केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी त्या यादीत होती.

हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी प्रीगाबालिन आणि बी-१२ ची होती. प्रीगाबालिन नसेच्या टोकाशी कॅल्शियमची दारं अर्धवट मिटतं, त्यामुळे नसेतून पुढे जाणारे दुखण्याचे निरोप कमी होतात. मधुमेहाने तळव्यांची भगभग होते किंवा नागिणीनंतर कातडी जळते, तिथे त्याचा उपयोग सिद्ध आहे. चार वर्षांपूर्वी आईच्या पायात सणक येत होती, तेव्हा ते दिलं असावं. पण पायात उतरणाऱ्या सायटिकेवरच ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि प्रीगाबालिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर मात्र जास्त लोकांना आली. ब्रिटनच्या सूचना तर कंबरदुखीसाठी ते देऊ नका असंच सांगतात. त्याने गुंगी येते, वजन वाढतं, आणि पाय सुजतात. आईच्या सुजेला वेदनाशामकं आणि प्रीगाबालिन दोन्ही हातभार लावत होती. शिवाय हे औषध शरीराबाहेर टाकतं मूत्रपिंडच. ते मंदावलं की तोच डोस जास्त भरतो. सणक थांबून तीन वर्षं झाली होती, तरी गोळी चालूच होती. ती बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं. ते एकदम सोडायचं नसतं, त्यामुळे डॉक्टरांनी हळूहळू कमी करत काही आठवड्यांत ते उतरवलं.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शुद्ध शाकाहारी लोकांत त्याची कमतरता खरोखर आढळते आणि तिने पायाला बधिरपणा येतो. आधी तपासून, कमी असेल तर भरून काढावं. सरसकट कंबरदुखीवरचं औषध ते नव्हे.

डॉक्टरांनी मग आईला ड्युलोक्सेटिनबद्दल सांगितलं. हे नाव इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा नैराश्यावरचं औषध म्हणून येतं. “मला वेड लागलंय का?” आईने विचारलं. तिचा आवाज दुखावलेला होता. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, दुखण्याचा निरोप कंबरेकडून मेंदूकडे जातो तसा मेंदूकडूनही खाली निरोप येत असतो, ‘पुरे, आवाज कमी करा’ असा. जत्रेत हरवलेलं मूल शोधणाऱ्या बाईला पायात काटा गेलेला कळत नाही, ते याच निरोपामुळे. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही दोन रसायनं तो निरोप पोचवतात. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की हा खाली येणारा निरोप क्षीण होतो. ड्युलोक्सेटिन त्या दोन रसायनांना जरा जास्त वेळ कामावर ठेवतं. अमेरिकेत २०१० मध्ये जुनाट स्नायू-सांध्यांच्या दुखण्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

इथे तज्ज्ञांचंच एकमत नाही हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या २०१७ च्या सूचनांत ते दुसऱ्या क्रमांकावर आहे. ब्रिटनच्या सूचना मात्र निव्वळ कंबरदुखीसाठी या गटातलं औषध नको म्हणतात. फायदा आहे तो बेताचाच. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, घाम येतो, झोप बिघडते. मूत्रपिंड फारच खालावलं असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ते चालत नाही. सोडतानाही हळूहळू सोडावं लागतं. ज्याला मधुमेहाच्या नसांचा त्रासही आहे, किंवा दुखण्यासोबत मनही खचलं आहे, त्याला मात्र एकाच गोळीत दोन कामं होतात. रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी याच्याच नात्यातली. झोप लागते खरी, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबते, आणि म्हातारं माणूस रात्री उठताना तोल जाऊन पडू शकतं. आईसाठी डॉक्टरांनी ती नको म्हटलं.

ट्रॅमाडॉल आमच्या डब्यात नव्हतं, पण आमच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं आणि त्यांनी प्रेमाने देऊ केलं होतं. पॅरासिटामॉलसोबतची ती जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातलं औषध आहे. भारतात एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. यकृतातलं एक विकर त्याचं जास्त प्रभावी रूपात रूपांतर करतं. ते विकर काहींच्यात मंद असतं, काहींच्यात फार वेगवान, त्यामुळे तीच गोळी एकाला लागू पडत नाही आणि दुसऱ्याला दिवसभर गुंगवून उलट्या करायला लावते. ड्युलोक्सेटिनसोबत घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. फिट येऊ शकते. आणि सवय लागते, सुशिक्षित-अशिक्षित कोणालाही. मोठं ऑपरेशन, मोडलेलं हाड, कर्करोगाची कळ, अशा ठिकाणी या वर्गाची औषधं वरदान आहेत आणि तिथे ती नाकारणं क्रूरपणा आहे. पण जुनाट कंबरेचं काय? अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभर चाललेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर, गुडघा किंवा खुबा जुनाट दुखणारे हे लोक. निम्म्यांना अफूवर्गीय औषधं, निम्म्यांना साधी. वर्षाअखेरीला हालचाल आणि कामं दोन्ही गटांत सारखीच होती. दुखणं मात्र साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होतं. म्हणजे जास्त जालीम ते जास्त गुणकारी, ही आपली समजूत कंबरेच्या बाबतीत टिकत नाही.

पुड्यांबद्दल बोलायला मला त्रास होतो, कारण त्या आईने मोठ्या विश्वासाने आणल्या होत्या. वरती नाव नाही, घटक नाहीत, “जडीबुटी आहे” एवढंच तोंडी. घेतल्यावर दोन दिवसांत कंबर सुटते, भूकही लागते. अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार वैद्यकात नवे नाहीत. महिनोन्महिने घेतलं तर साखर वाढते, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात आणि शेवटी तोच मणका चेपतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही घातक, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावी. आईने तीनच घेतल्या होत्या. मलम मात्र डब्यात राहिलं. डायक्लोफेनॅकचं मलम कातडीतून रक्तात फार थोडं उतरतं. कंबरेच्या खोल स्नायूंपर्यंत कितपत पोचतं ही शंका आहेच, पण चोळून घेण्याचं सुख तरी मिळतं. क्रिएटिनिन खाली येईपर्यंत तेही बेतानेच, असं ठरलं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: औषध पारखायची रीत. दुखणं अगदी शिगेला पोचतं तेव्हाच आपण नवी गोळी सुरू करतो. जुनाट दुखणं चढतं आणि उतरतं. शिगेनंतर ते उतरणारच असतं, आणि श्रेय गोळीला जातं. म्हणून डॉक्टरांनी आईला जुनी डायरी घ्यायला सांगितली. एका वेळी एकच औषध. सुरू करण्याआधी आठवडाभर नोंद, मग घेतानाची नोंद. “किती दुखलं” हा एकच आकडा नको. काय जमलं ते लिहायचं. कणीक एका दमात मळली का, भाजी मंडईतून पिशवी स्वतः आणली का, रात्री किती वेळा जाग आली. ड्युलोक्सेटिनला पुरता वेळ म्हणजे सहा ते आठ आठवडे. वेदनाशामक घराण्यातली गोळी लागू असेल तर आठ-पंधरा दिवसांतच कळतं. आणि सुरू करतानाच डायरीत थांबायची तारीख लिहायची. त्या तारखेला दुखणं किंवा अडलेली कामं साधारण एक तृतीयांशाने सुधारली नसतील तर ते औषध उतरवायचं. वाढवायचं नाही, दुसरं जोडायचं नाही.

गोळीशिवायचं मी थोडक्यात आटोपते, तरी त्याचं वजन थोडं नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर चालण्याचा प्रयोग झाला, २०२४ मध्ये तो छापून आला. कंबरदुखीतून नुकतेच सावरलेले हे लोक. चालण्याचा बेतशीर कार्यक्रम आखून दिलेल्यांची कंबर पुन्हा दुखेपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांची ११२ दिवसांत दुखली. कुठल्याही गोळीने असा आकडा मला दाखवला नाही. आई सुरुवातीला सोसायटीच्या आवारात दोनच फेऱ्या मारायची आणि बाकावर बसायची. फिजिओथेरपिस्टने तिला ओट्यासमोर एक पाय पाटावर ठेवून उभं राहायला शिकवलं.

तीन आठवड्यांत पायांची सूज उतरली. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं, ०.९ पर्यंत ते परत गेलं नाही. ड्युलोक्सेटिनला तिने होकार दिला, पहिला आठवडा मळमळीचा गेला, आणि आठव्या आठवड्याला आम्ही डायरी घेऊन बसलो. रात्रीची जाग चारवरून दोनवर आली होती. कणीक मात्र अजून दोन दमांत. चालू ठेवायचं की उतरवायचं, हे तिने ठरवायचं होतं. तिने आणखी तीन महिने मागून घेतले आणि डायरीत स्वतःच्या हाताने पुढची तारीख लिहिली. त्याच पानाखाली तिने लग्नाकार्याच्या, एसटीच्या लांब प्रवासाच्या दिवसासाठी डॉक्टरांना विचारून ओळ लिहून ठेवली आहे: पॅरासिटामॉल ५००, सकाळी एक, रात्री एक, बस्स. सोबत पाण्याची बाटली. मधल्या थांब्यावर उतरून पाय मोकळे करायचे.